इसरूची काच

४ जुलै, बल्लारपूर

ही डायरी पायलनं मला जानेवारीत दिली. पायल म्हणजे माझी लहान बहीण. मोबाईलच्या दुकानात कामाला जाते आणि घरात माझ्याबद्दल अजून आशा धरून असलेली ती एकटीच. "दादा, तू इतकं फिरतो, त लिहून तरी ठेवत जाय," म्हणाली. मी म्हटलं, उद्यापासून. मग संक्रांत झाली की लिहू, उन्हाळा सरला की लिहू, चांगला पेन मिळाला की लिहू असं चाललं. पेन मिळाला, तो पायलच घेऊन गेली. आज जुलै लागला आणि वहीत एकच ओळ आहे, 'आजपासून लिहायचे', आणि तिच्याखाली बदकाचं चित्र. बदक बरं आलंय.

आज लिहितोय, कारण उद्या मी खऱ्या कामाला निघतोय.

मी जुने कॅमेरे जमवतो. सगळे नाही, फक्त रेंजफाइंडर. त्याच्या खिडकीतून पाहिलं की मधे एक बारका पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकदा खरा आणि बाजूला त्याचं भूत. लेन्सचं कडं फिरवत गेलं की भूत सरकत येतं आणि माणसात शिरतं. शिरलं की फोकस. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकायला गेलो होतो, तिथं असं काही दाखवत नव्हते म्हणून सोडलं. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "थोरलं पोट्टं हातचं गेलं." मी आतल्या खोलीत बसून ऐकतो आणि कॅमेरे पुसतो.

मागच्या आठवड्यात निघालो होतो वडशाला, चुलतभावाच्या बैलाचं औषध पोचवायला. वाटेत कोणीतरी म्हणालं कुरखेड्यात जुना फोटो स्टुडिओ आहे. पोचलो कुरखेड्याला. (औषध अजून बॅगेत आहे.) स्टुडिओ आता झेरॉक्सचा झालाय, पण मालक गोपालभाऊ तेच. सत्तरीचे असतील. त्यांच्याकडून कळलं की त्यांचा एक रशियन कॅमेरा होता, झोर्की, आणि त्यावर ज्युपिटर लेन्स. ज्युपिटर! मी चहा सांडला.

"कुठी हाय तो आता?"

"इसरू घेऊन गेला," म्हणाले. इसरू भामरागडकडचा माडिया आदिवासी. पोरवयात त्यांच्या डार्करूममध्ये कामाला लागला, बरीच वर्षं राहिला. मग गोपालभाऊंनी रंगीत फोटोचं मशीन आणलं, त्यावरून दोघांचं वाजलं आणि तो कॅमेरा गळ्यात अडकवून गावाकडे निघून गेला. "कोनतं गाव, ते बी धड सांगतलं नाई. माहा कॅमेरा हाय तो. भेटला त सांगजो, गोपाल अजून दुकानातच बसते म्हना. कॅमेरा आणून दे म्हना. सवता आणून दे म्हना, दुसऱ्याच्या हातानं नोको पाठवू."

काय हा म्हाताऱ्याचा लोभ! एवढ्या वर्षांनी जीव त्या कॅमेऱ्यातच अडकलेला. मी म्हटलं, हो भाऊ, सांगतो. माझा विचार अर्थातच वेगळा आहे.

६ जुलै, भामरागड

पोचलो. पाऊस. आल्लापल्लीनंतर एसटीत मी आणि कोंबड्याच जास्त होतो. नाक्यावर पोलिसांनी बॅग उघडली, माझा फेड कॅमेरा पाहिला आणि विचारलं, "हे काय?" मी सांगायला लागलो. भुतापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनीच हात जोडून जा म्हटलं.

भाजीबाजारात विचारत गेलो. इसरू फोटोवाला सगळ्यांना माहीत. रेशन कार्डाचे फोटो त्यानंच काढलेले. गाव नदीपलीकडे आहे. गावाचं नाव इथं लिहीत नाही. नागपूरचा विनोद नावाचा एक जमवणारा आहे, माझ्याआधी सगळीकडे पोचतो. कोण जाणे, ही डायरीही त्याच्या हाती लागायची.

७ जुलै, गावात

डोंग्यातून नदी ओलांडली. नवा शर्ट घातला होता, तो आता मातीच्या रंगाचा आहे. पहिल्याच घरासमोर एक मुलगी सूप घेऊन बसलेली. मी म्हटलं, "इसरूभाऊले भेटाचं हाय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भेट ना. त्या मोहाच्या पल्याड हाय. आता कुठी जात नाई तो."

म्हटलं, बरं झालं, घरीच आहे. मोहापलीकडे गेलो. एक उघडी छत्री दिसली, म्हातारा छत्रीखाली बसला असणार. लांबूनच हात जोडले आणि मोठ्यानं "जोहार, इसरूभाऊ!" म्हटलं. उत्तर नाही. जवळ गेलो. छत्री फांदीला बांधलेली. खाली उलटी टाकलेली बाज, बुडाला भोक पाडलेली पाण्याची पितळी गुंडी, दांडा काढलेली कुऱ्हाड. आणि छत्रीच्या आत, गळ्यातल्या पट्ट्यानं लटकणारा झोर्की.

मी छत्रीला जोहार घातला होता. मागे ती मुलगी हसून हसून खाली बसली. ती करिश्मा, इसरूची मुलगी.

इसरू माघात गेला. यांच्यात माणूस गेला की त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्यापाशी, म्हणजे पुरलेल्या जागी, नेऊन ठेवतात, आणि ठेवायच्या आधी मोडतात. करिश्माचा भाऊ चैतू यानं सांगितलं, "फोडल्याबिगर तिकडं जात नाई ना." कॅमेरासुद्धा फोडलाय. मागून कुऱ्हाडीच्या बोथट बाजूचा एकच दणका, पत्रा आत गेलाय, शटरचं कापड फाटलंय.

पण लेन्स! लेन्सला ओरखडाही नाही. निळ्याजांभळ्या रंगाची, मोरपिसाच्या डोळ्यासारखी. मी विचारलं, "हे काऊन नाई फोडलं?"

चैतू म्हणाला, "आई नाई म्हने. काच फोडली त त्याले दिसन कसं?"

संध्याकाळी टेकडीवर गेलो, तिथं मोबाईलला रेंज येते. गोपालभाऊंचा मेसेज होता, 'भेटला का. कसा हाय.' आता इसरू नाही हे कळलं तर हा म्हातारा 'माहा कॅमेरा' म्हणत हक्क सांगायला येणार. म्हणून नुसता अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा. त्यात खोटं असं काही नाही.

९ जुलै

नदी चढली. डोंगा बंद. मी अडकलो, म्हणजे इसरूच्याच पडवीत. त्याची बायको बुधरीबाई सकाळी जावा देते, म्हणजे पातळ पेज, आणि फार बोलत नाही. आज धीर करून म्हटलं, "बाई, तो कॅमेरा मले द्याल का? मी त्याले जपून ठेवीन."

"माहा नाई," बुधरीबाई म्हणाली. "त्याचा हाय. त्याले माग."

"त्याले कसं मागू?"

तिनं चैतूकडे पाहिलं. चैतूनं छपराकडे पाहिलं. मग अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, "बाबाची खालची बांधी रोवायची राह्यली. पहिले ते कर. मग तो आयकन."

मला वाटलंच होतं की काहीतरी विधी असणार. मी शहरातला असलो तरी अशा गोष्टींचा मान ठेवतो. पँट दुमडून बांधीत उतरलो. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि रोवणी म्हणजे वाकून वाकून धानाची रोपं चिखलात खोचणं. मी खोचलेली रोपं मागे वळून पाहिलं की तरंगत असायची. करिश्मा माझ्यामागून येऊन ती पुन्हा खोचत होती आणि शेजारच्या बायांना माडियात काहीतरी सांगत होती. माडिया बोली मला येत नाही, पण हसणं सगळीकडे सारखंच.

"भाऊ, तुले घरी कोन ठेवते?" तिनं विचारलं.

"बहीण ठेवते," मी म्हटलं. त्यावर त्या अजूनच हसल्या.

कंबर नावाची गोष्ट मला होती, हे आज कळलं.

११ जुलै

खालची बांधी संपली. चैतू म्हणतो, वरचीही बाबाचीच. विधी मोठा दिसतोय.

टेकडीवर गेलो. आमचा एक ग्रुप आहे, विदर्भातल्या रेंजफाइंडरवाल्यांचा. बहुतेक वेळ त्यावर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात असतं. गोपालभाऊही आहेत त्यात, पुतण्यानं जोडून दिलेले. मला राहवलं नाही. झोर्कीचा जवळून फोटो काढला होता, नुसता कॅमेरा आणि मागे झाडाची साल. तो टाकला आणि लिहिलं, 'ज्युपिटर मिळाली. मालकाशी बोलणं चालू आहे.' काय ते अंगठे, काय त्या टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी 'सर' म्हटलं. विनोदनं लिहिलं, 'खोटं. लोकेशन टाक.' मला खोटारडा म्हणतो? टाकलं लोकेशन. टेकडी उतरताना निम्म्या वाटेवर लक्षात आलं की मी काय केलंय. पळत वर गेलो, तोपर्यंत रेंज गेली होती.

त्याआधी, रेंज असतानाच, गोपालभाऊंचा एक लांबलचक आवाजी निरोपही आला होता. "इसरू, अरे हे पोट्टं तुह्याकडं..." एवढं ऐकलं आणि बंद केला. कॅमेरा दे, कॅमेरा दे, दुसरं काय असणार? दुसरा अंगठा पाठवला.

१३ जुलै

हे लिहू की नको करत सकाळपासून बसलोय. मग आठवलं, आपली डायरी कोण वाचतं.

विनोद येणार. नदी उतरली की पहिल्या डोंग्यानं येणार आणि गोड बोलून सगळंच उचलून नेणार. म्हणजे ती लेन्स त्याच्यापासून वाचवणं माझं कर्तव्य आहे. या दोन्ही कॅमेऱ्यांचे आटे एकाच मापाचे, फेडची लेन्स झोर्कीवर बसते आणि झोर्कीची फेडवर. माझ्या फेडवरची इंडस्टार आतून बुरशीनं पांढरी झालीय, कामाची नाही. दुपारी सगळे बांधीत होते. मी पोट दुखतं म्हटलं (खरंच दुखत होतं, भीतीनं), मोहापलीकडे गेलो, ज्युपिटर फिरवून काढली आणि इंडस्टार फिरवून बसवली. कॅमेरा तसाच लटकतोय, लेन्स तशीच गोल. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, आणि जिवंत माणसांना काय कळतं?

ज्युपिटर फेडवर लावून पडवीतून समोर पाहिलं. बुधरीबाई बांधावरून डोक्यावर भारा घेऊन येत होती. आधी दोन बुधरीबाया होत्या. कडं फिरवलं, दुसरी येऊन पहिलीत शिरली. ती थेट माझ्याकडेच पाहत होती.

झोप लागणार नाही. लागली तर आनंद.

१४ जुलै

लागली. उलट उठायला उशीर झाला.

बुधरीबाई सकाळी इसरूच्या जागी भात ठेवायला गेली होती. परत आली, पाय धुतले, आणि मला जावा वाढला. आज मीठ आणि भाजलेली सुकट पण दिली. मग म्हणाली, "काल वरी त्याचा डोळा निळा होता. आता पांढरा झाला."

मी सुकट मोडत राहिलो. म्हटलं, "पावसानं होते, बाई. बुरशी धरते."

"असन," ती म्हणाली. "मले काय समजते? तुले काचेतलं समजते. उद्या जाऊन पुसून दे. त्याले दिसत नसन त तो घराकडं परत येईन. वाट चुकन, कुठीबी ठेचकाळन. म्हातारा मानूस."

किती भोळी बाई! काहीच संशय नाही. चोरालाच पहाऱ्याला बसवलं. म्हणजे मी चोर नाही, उदाहरण म्हणून लिहिलं.

दिवसभर मला तो म्हातारा दिसत होता, पाहिला नसूनही. हात पुढे करून, धानाच्या बांधावरून चाचपडत येणारा. मोतीबिंदू झाल्यासारखे पांढरे डोळे. आणि ते डोळे माझे, माझ्या फेडचे.

१५ जुलै

एकटाच जायचं आणि गुपचूप बदलून यायचं असं ठरवलं होतं. निघालो तर चैतू बरोबर. "फांदी वाकवाले पायजे ना कोनी," म्हणाला. मी म्हटलं, मीच वाकवतो. तो म्हणाला, तुले रोपटं खोचता येत नाई, फांदी कुठून वाकवशीन.

तिथं पोचलो. त्यानं फांदी वाकवून धरली. कॅमेरा माझ्या हातात आला. आता नुसतं रुमालानं पुसायचं नाटक करून परतता आलं असतं. ज्युपिटर खिशात होती. मी रुमाल काढला, पुसलं, पुन्हा पुसलं. इंडस्टार पांढरीच. चैतू शांतपणे दुसरीकडे पाहत होता, बगळे मोजत असल्यासारखा.

मग मी खिशात हात घातला. त्याच्यासमोरच. पांढरी काढली, निळी बसवली. कडं हाताला गार लागलं. चैतूनं वाकून पाहिलं.

"हां. आता बराबर."

"तुले माहीत होतं?"

"आईले परवाच समजलं. तू काचेतून पाहून राह्यला होता ना पडवीत, तवा तुह्या कॅमेऱ्याचा डोळा निळा होता. मी म्हटलं, बॅग तपासतो. आई म्हने, नोको, नोको. थो सवताच आणन. नाई आणला त मग पाहू."

"मग काय पाहिलं असतं?"

"मंग वरची बांधी, आन् त्याच्यावरची बी," चैतू म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "आताबी वरची राह्यलीच हाय."

मी विचारलं, "चैतू, खरं सांग. ते रोवल्यावर बाबा आयकते, हे खरं हाय का?"

"रोवलं त धान होते, एवढं खरं हाय."

म्हणजे विधी वगैरे काही नव्हता. गडी कमी होता. मला राग यायला पाहिजे होता, पण खिसा हलका झाला होता आणि मला वरच्या बांधीकडे पळत जावंसं वाटलं. शेवटी चालतच गेलो, कंबरेमुळे.

१६ जुलै

टेकडीवर गेलो, ग्रुपवर लिहायला की ज्युपिटर मिळाली नाही, कोणी येऊ नये. विनोदचाच मेसेज आधी होता. तो येत नाही. 'फोटो मोठा करून पाहिला. बॉडी ठोकलेली आहे. भंगार.' त्याखाली हसरे चेहरे. मला 'सर' म्हणणाऱ्यानंही एक टाकला होता. फार वाईट वाटायला हवं होतं.

मग गोपालभाऊंचा तो आवाजी निरोप, काही काम नव्हतं म्हणून, पूर्ण ऐकला.

"इसरू, अरे हे पोट्टं तुह्याकडं आलं म्हनते. अंगठा पाठवते, बोलत काई नाई. तू बरा हाय ना? अरे, ते रंगीत मशीन मी भंगारात देल्लं. तू म्हनत होता तसंच झालं, तुही गोष्ट खरी निंगाली. आता झेरॉक्स काढतो दिवसभर. डार्करूम हाय तशीच हाय, कुलूप लावून ठेवली. तुह्या त्या लाल बल्बाले हात नाई लावला. कॅमेऱ्याचं मी असंच म्हनतो रे. ये एकदा. नाई येत, त मी येऊ का?"

पुन्हा ऐकला. त्यात कॅमेरा एकदाच आहे.

आणि त्याच्यावर माझा अंगठा. 'कसा हाय'वरही अंगठाच.

फोन लावायला घेतला. मग वाटलं, असं एकदम कसं सांगायचं? माघातच गेला म्हणून सांगायचं, की आधी तब्येतीचं विचारायचं? नीट शब्द जुळवून उद्या लावतो.

१८ जुलै

काल टेकडीवर जाणार होतो. खरंच निघालो होतो. पण वाटेत चैतू ओढ्यात मासे धरायची सापळी लावत होता. ती बांबूची इतकी सुंदर विणलेली असते, आत जायला वाट आणि परत यायला नाही, की मी पाहत बसलो. मग एक स्वतः विणून पाहिली. माझ्या सापळीतून मासे आरपार जातात. तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि पाऊस. म्हटलं, उद्या.

आज सकाळी नदी उतरली. डोंगा सुरू झालाय. वरची बांधी संपली की मीही निघेन. पडवीत बसून लिहितोय, बुधरीबाई समोर धान कांडतेय. तिला गोपालभाऊंबद्दल विचारलं. म्हणाली, "नाव घेत होता तो सारखा. मरायच्या वक्ती बी म्हने, गोपालले सांगा. कोनाच्या हातानं सांगाव? नंबर त्याच्या डोक्यातच होता."

तिला काय सांगू, नंबर माझ्या खिशात आहे म्हणून? आजच चढतो टेकडी. हे पान संपलं की

करिश्मा नदीकडून पळत आली. धाप लागलीय, हसू की काय करू असा चेहरा. डोंग्यातून एक म्हातारा उतरलाय. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मिठाईचा डबा, तो पावसापासून पोटाशी धरलेला. डोंगेवाल्याला नदीभर इसरूच्याच गोष्टी सांगत आला म्हणे. काठावर उतरल्यापासून ओरडतोय, "कुठी हाय तो इसऱ्या? गोपाल आला म्हना त्याले! सवता आला म्हना!"

बुधरीबाईनं मुसळ खाली ठेवलंय.

"तुमी कोनी सांगतलं का त्याले?" मी करिश्माला विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "समद्यायनं तुह्याकडं बोट दाखवलं."

तो मोहाच्या वळणावर आलाय. हाका इथपर्यंत ऐकू येतायत.